बोटभर फट

मराठीच्या जिवावर ज्याची चूल पेटते त्याने मराठीचीच उणी काढू नयेत, हे मला मान्य आहे. परंतु आभाळातून पिसासारखा अलगद उतरतो तोही बर्फ, आणि रसवंतीवाला लाकडाच्या भुशातून काढून, ठेचून आपल्या पेल्यात टाकतो तोही बर्फच, ही आपल्या भाषेची काटकसर कॅनडात गेल्यावर फार जाचते. 'हिम' हा शब्द आहे खरा. पण तो कवितेत शोभतो. पहाटे पाच वाजता खिडकीचा पडदा सारून "अग, दारात हिम पडलंय" असे कोणी बायकोला म्हणणार नाही. माझ्या मामांनी मला पहिल्याच आठवड्यात बर्फाचे चार प्रकार ओळखायला शिकवले. एक भुरभुरीत, फुंकर घातली तरी उडणारा. दुसरा रव्यासारखा दाणेदार. तिसरा ओलसर, मुठीत वळला की लाडू होणारा. आणि चौथा पाण्यात भिजत पडलेला, लापशीसारखा. हा चौथा मामांचा वैरी.

तुम्ही म्हणाल, दिवाळीचे दिवस, हाताशी चकल्यांची बशी, आणि हे गृहस्थ बर्फाचा पसारा कशाला मांडून बसले? त्याचे असे आहे की या वैऱ्याशी मामांनी जे युद्ध केले, त्यात आमच्या आजीचा थोडा वाटा आहे. तो पुढे येईल.

मामा 1974 पासून ओटावात राहतात. 2022 च्या ऑक्टोबरात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तेव्हा त्यांचे वय 74. एकुलता एक मुलगा व्हँकूव्हरला. म्हणजे देश एक, पण मध्ये अख्खे खंड. तिकडचा हिवाळा बव्हंशी पावसाचा, त्यामुळे बापाच्या दारातल्या बर्फाची कल्पना त्याला फोनवरच यायची. आमच्या आईने पुण्यात बसून फर्मान काढले, "तुझा मामा स्वस्थ बसणार नाही. फावडं घेऊन बाहेर पडेल. तू जा." मी साठवलेली रजा काढली आणि डिसेंबरच्या मध्यावर जाऊन पोहोचलो.

आईची भीती वावगी नव्हती. डॉक्टरांनी मामांना बजावले होते की फावड्याला हात लावायचा नाही. शेजारच्या क्विबेक प्रांतात 1981 ते 2014 या काळातल्या हिवाळ्यांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी 2017 साली एक निबंध प्रसिद्ध केला आहे. वीस सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांना हृदयविकाराचा झटका येऊन दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याची शक्यता, कोरड्या दिवसाच्या मानाने, 16 टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली, आणि त्या झटक्याने मरण येण्याची 34 टक्क्यांनी. बायकांच्या बाबतीत तसे स्पष्ट दिसले नाही. त्या दिवशी फावडे कोणी धरले होते याची नोंद त्यांच्यापाशी नव्हती. पण तर्काचे बोट तिकडेच जाते. मौज अशी की या निबंधाच्या मुख्य लेखिका नताली ओजे यांचे आडनाव इंग्रजीत लिहिले की नेमके 'ऑगर' होते, आणि 'ऑगर' म्हणजे गिरमिट, बर्फ फेकण्याच्या यंत्राचे पहिले अंग! आता यंत्राकडे वळतो.

त्याला तिकडे स्नो ब्लोअर म्हणतात. मी 'हिमक्षेपक' असा शब्द सुचवून पाहिला. मामी म्हणाल्या, हे सरकारी खात्याचं नाव वाटतं. त्या स्वतः त्याला 'धूड' म्हणतात. गॅरेजमध्ये मोटारीच्या शेजारी, मोटारीपेक्षा अधिक मानाने, हे धूड उभे असते. पुढच्या बाजूला मांडीएवढी उंच, समोरून उघडी लोखंडी पेटी. तिच्यात आडवे गिरमिट फिरते. सुताराचे गिरमिट लाकूड पोखरते. हे बर्फ पोखरते आणि दोन्ही अंगांनी सरकवत मध्यावर आणते. मध्यावर, मागच्या बाजूला, एक गोल डबा, आणि डब्यात चार पात्यांचा पंखा. गिरमिटाची चाल संथ. पंखा मिनिटाला हजाराहून अधिक गिरक्या घेतो. पुढ्यात आलेला बर्फ तो उचलतो आणि वरच्या वळणदार नळकांड्यातून दूर भिरकावतो. म्हणजे एकाने गोळा करायचे आणि दुसऱ्याने उधळायचे. पुष्कळ घरांतून हीच व्यवस्था असते.

या यंत्राची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. 1869 साली टोरोंटोच्या जे. डब्ल्यू. इलियट नावाच्या दंतवैद्याने रुळांवरचा बर्फ बाजूला काढणाऱ्या फिरत्या नांगराचे पेटंट घेतले. दात कोरता कोरता माणसाला हे सुचावे यात मला काही नवल वाटत नाही. पण रस्त्यावर चालणारे यंत्र केले ते क्विबेकच्या आर्थर सिकार याने, 1925 साली. 1927 मध्ये माँट्रियललगतच्या ऊत्रमाँ गावाने त्याचे पहिले यंत्र विकत घेतले. शेतावरचे मळणीयंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. ते खरे असावे. खळ्यावर सुपाने धान्य उफणताना ज्याने पाहिले आहे त्याला हे धूड परके वाटत नाही.

ओटावाला वर्षाकाठी सव्वादोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. त्यातला भुरभुरीत बर्फ मामांचे यंत्र असे उडवी की पाहत राहावे; उन्हात पांढरी कमान उमटे. घोडे अडे ते बांधापाशी. 'बांध' हा माझा शब्द. पहाटे नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करत जातो आणि रस्त्यावरचे सगळे बर्फ, त्यात मीठ, वाळू आणि चिखल कालवून, प्रत्येकाच्या दारासमोर आडवे टाकून जातो. मी एकदा हिशेब केला. पाच मीटर रुंद, एक मीटर जाड, अर्धा मीटर उंच, म्हणजे अडीच घनमीटर. ताज्या कोरड्या बर्फाचे घनमीटरला शंभर किलोसुद्धा भरत नाहीत. पण हा ओला, दडपलेला माल घनमीटरला सहज चारशे किलो. एकूण एक टन झाला. शंभर किलोची दहा पोती कोणी रोज पहाटे दारात आणून टाकावीत आणि ती उचलल्याशिवाय तुमची मोटार बाहेर निघू नये, असा तो प्रकार.

आणि ही लापशी पंख्याला पेलत नसे. यंत्र घरघरे, नळकांड्यातून दोन मीटरवर पचकन एक गोळा पडे, आणि नळकांडे चोंदे. मग यंत्र बंद करा, मामींच्या जुन्या लाटण्याने नळकांडे कोरा, पुन्हा सुरू करा. चार पावलांत पुन्हा तेच. एका सकाळी मी नऊ वेळा मोजले. त्या हिवाळ्यात हा त्रास वाढला होता, कारण थंडीच नीट पडत नव्हती. ओटावाच्या रिडो कालव्यावर 1970-71 पासून दर हिवाळ्यात लोक बर्फावरून स्केटिंग करत आले. 2022-23 च्या हिवाळ्यात तो एक दिवससुद्धा खुला झाला नाही, पन्नासहून अधिक वर्षांत प्रथमच. शून्याच्या आसपासची हवा म्हणजे लापशीचा सुकाळ.

समोरच्या घरातल्या गृहस्थांच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापर्यंतच आहेत. त्यांनी इंजिन बंद करूनच चोंदलेल्या नळकांड्यात हात घातला होता. परंतु पंखा बर्फाने जखडलेला असला की पट्ट्याचा ताण त्याच्यात कोंडून राहतो. बर्फ सुटताच पाते एकदम उसळी घेते. ती उसळी अर्ध्या फेऱ्याची असली तरी बोटांना पुरते. अमेरिकेत दर वर्षी हजारो लोक या यंत्रापायी जखमी होतात, आणि त्यांत बोटेच फार. हे सारे मामांना ठाऊक होते. तरी ख्रिसमसनंतरच्या एका सकाळी, लाटणे गॅरेजात राहिले म्हणून, त्यांनी हातमोजा घातलेला हात नळकांड्याच्या तोंडाशी नेला. मामी खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी दार उघडून अशी काही हाक मारली की हात तर मागे आलाच, पण समोरचे गृहस्थही धावत बाहेर आले.

त्या दिवशी जेवणे अबोल झाली. संध्याकाळी मुलाचा फोन. त्याचे म्हणणे एकच: घर विका, फ्लॅट घ्या. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्यातच त्यांचे मत होते. बर्फ काढणारा ठेकेदार का लावत नाही, हे मीही विचारले होते. लावला होता म्हणे एक हिवाळा. तो दुपारी बाराला उगवायचा. आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बांध कोण फोडणार, हा मामांचा प्रश्न होता. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

"या हिवाळ्यात पुन्हा एकदाही यंत्र चोंदलं," मामा वरणभात कालवत म्हणाले, "तर वसंतात घराला पाटी लावा."

यंत्रावर मामांचे प्रयोग आधीपासून चालूच होते. पेटी जमिनीवर घासू नये म्हणून दोन बाजूंना लोखंडी पावले असतात. ती गंजतात आणि फरशीवर तांबडे ओरखडे उठवतात. मामांनी स्वयंपाकघरातला जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून नवी पावले केली. ती उत्तम सरकत. मामींना मात्र भाजी चिरायला बसताना त्याचा पत्ता लागला. नळकांड्याला आतून त्यांनी इडलीपात्रासारखे तेल लावून पाहिले. दहा मिनिटे गुण येई. मग सिलिकोनचा फवारा मारला. तो अर्धा तास टिके. वारा लागू नये म्हणून ताडपत्रीची खोपटी उभारली, तिच्यात काचेवर वाफ धरून समोरचे काही दिसेना, म्हणून ती उतरवली. पुढे दिवा बसवला तो तेवढा राहिला. हे सगळे प्रयोग खरे पाहता वरवरचे होते. नळकांडे का चोंदते, हे अजून कोणी विचारलेच नव्हते.

तो प्रश्न मामांनी त्या रात्री विचारला. गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी आधी स्पार्क प्लगची वायर उपटून बाजूला बांधली. ती निघाल्यावर इंजिन चुकूनही पेट घेत नाही. नळकांडे खोलून काढले. मला टॉर्च धरायला सांगितले. मग पंख्याचे पाते आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये त्यांनी आपली करंगळी घातली. ती आत गेली.

"बघ," ते म्हणाले, "बोट शिरतंय!"

मोजले तर एका बाजूला 9 मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला 12. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून कारखान्याने ही फट ठेवलेली. कोरडा बर्फ पात्यावर बसून निघून जातो, त्याला फटीशी कर्तव्य नाही. पण लापशी त्या फटीतून मागे निसटते, डब्यातच गोल गोल फिरते, वेग गमावते, आणि नळकांड्यात पोचेपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. म्हणून ती तिथेच बसते.

मामा बराच वेळ डब्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुझ्या आजीचा स्टोव्ह आठवतो?"

मला आठवत होता. माझ्या लहानपणी तो माळ्यावर गेला होता. पण मामांच्या लहानपणी घर त्याच्यावर चाले. पंप मारून मारून हात दुखले तरी स्टोव्ह हवा धरीना, की आजी मामांना बोलावी. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटी असते, वायसर म्हणतात तिला. ती वाळली, आकसली, की तिच्या कडेने हवा मागे पळते. आजी ती काढायला लावी, खोबरेल तेलात बुडवून ठेवी, मग बोटाने कड फुलवून पुन्हा बसवून घेई. लगेच पंप जड लागे आणि स्टोव्ह भडभडून पेटे. पितळेची नळी तीच, दांडा तोच. फक्त कडेची फट बुजलेली.

"आपल्याला या पंख्याला वायसर बसवायचाय," मामा म्हणाले.

त्या देशात हा उपाय पुष्कळ लोक घरच्या घरी करतात, हे पुढे आम्हांला कळले. त्यासाठी तयार रबरी पट्ट्याही विकत मिळतात. पण मामा तिथवर पोचले ते आजीच्या स्टोव्हवरून, आणि ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

चामडे इथे टिकणार नाही, रबर हवे. जुन्या टायरचा तुकडा घेऊन पाहिला, तो आपले वळण सोडीना. ओटावाच्या भोवती शेती भरपूर. वाळल्या गवताचे भारे बांधणाऱ्या यंत्राचा जुना पट्टा एका शेतकऱ्याकडे मिळाला. आत कापडाचे थर, जाडी 8 मिलिमीटर, थंडीतही लवचिक. तो पैसे घेईना. मामींनी नारळाच्या वड्यांचा डबा दिला. पट्ट्याचे चार तुकडे कापले आणि ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. चारही वजनाला सारखे हवेत, नाहीतर एवढ्या वेगात पंखा डगमगायला लागेल. मामा सुरीने रबर तासत होते, मामी काट्यावरचा आकडा वाचत होत्या, "अजून तीन ग्रॅम काढा". लाडू वळतानाही आमच्याकडे इतका काटेकोरपणा नसतो.

पुढचे दोन दिवस गॅरेजात गेले. नळकांड्याच्या भोकातून एकेक पाते हाताने फिरवून वर आणायचे, त्याला दोन भोके पाडायची, रबर ठेवायचे, त्याच्या पाठीला पोलादाची पट्टी, आणि दोन बोल्टांनी आवळून टाकायचे. रबराची कड डब्याच्या भिंतीला जेमतेम टेकली पाहिजे. फार दाबली तर इंजिनाला ओझे, कमी पडली तर फट तशीच. माझ्याकडे टॉर्च आणि नटांची वाटी ही खाती होती. मी खोबरेल तेल आणू का विचारले. "ते चामड्याचे लाड," मामा म्हणाले, "रबराला तेल चालत नाही." यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा ते चिरकले, जळक्या रबराचा वास सुटला, मामींनी मधले दार लावून घेतले. पाच मिनिटांत रबराने आपली जागा घासून घेतली आणि आवाज निवला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठा बर्फ झाला. पहाटे नांगर गेला, बांध पडला, गुडघाभर आणि ओलाकिच्च. मामांनी यंत्र त्याच्यात घातले. पहिल्या क्षणी इंजिनाचा सूर खाली गेला, मग सावरला. आणि नळकांड्यातून राखी रंगाची लापशी, कमान म्हणता येणार नाही, पण चांगली जाड धार निघून अंगणाच्या पार कडेला पडू लागली. मामा थांबले नाहीत. वीस मिनिटांत बांध फुटला. नंतर त्यांनी टेप लावून मोजले: सात मीटर. लाटणे मामींच्या हातात होते. त्या ते घेऊन दारातच उभ्या होत्या. समोरचे गृहस्थ रस्ता ओलांडून आले, डब्यात टॉर्च मारून पाहिले, आणि आपल्या तीन बोटांनी रबर दाबत त्यांनी विचारले, आणखी शिल्लक आहे का?

या रबराचे तोटेही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. काम संपल्यावर पंखा मिनिटभर रिकामा फिरवून आतले पाणी झटकले नाही, तर रबर रात्रीतून भिंतीला गोठून चिकटते आणि सकाळी पंखा फिरण्याऐवजी पट्टा जळतो. रबर झिजते, हिवाळ्यागणिक तपासावे लागते. कारखानदार ते का बसवत नाहीत याचे उत्तर बहुधा इथेच असावे; गिऱ्हाईक कड फुलवत बसणार नाही, असा त्यांचा अंदाज असणार.

आणि मामांनी जे केले नाही तेही मला सांगितले पाहिजे. गिरमिट दांड्याला जोडणारे बोल्ट मऊ धातूचे असतात. बर्फाखाली गोठलेले वर्तमानपत्र किंवा दगड अडकला की ते मुद्दाम तुटतात आणि गिअरपेटी वाचते. सारखे तुटतात म्हणून लोक तिथे कडक पोलादाचे बोल्ट घालतात. कोणी मुठीवरचा तो खटका, जो सोडताच यंत्र थांबते, दोरीने बांधून ठेवतात. शेजारच्या एका तरुणाने मामांना हे दोन्ही सुचवले. मामांनी त्याला चहा पाजला, आणि समोरच्या घराकडे बोट दाखवले. जे मोडण्यासाठीच केलेले आहे त्याला बळकट करण्यात कसली आली सुधारणा, असे ते मला नंतर म्हणाले.

मुलगा 2023 च्या ख्रिसमसला आला, तेव्हा त्याने स्वतः धूड चालवून पाहिले. घराचा विषय जेवताना निघाला. "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. मामींनी त्याला आणखी भात वाढला. त्यानंतरच्या वर्षीही तो तेच म्हणाला.

या वर्षी पावसाळ्यात मामांचा फोन आला. रबर तीन मिलिमीटर झिजले होते आणि तो शेतकरी शेत विकून गेला होता. "पुण्यात गिरणीचा पट्टा मिळतो का रे अजून? कापडाच्या थरांचा?" मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने पट्टा उलगडला, मी आठ मिलिमीटर आहे ना हे मोजून घेतले, रबर वाकवून पाहिले, कापडाचे थर मोजले. इतके चिकित्सक गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावे.

"किती फूट देऊ?"

"दोन."

"दोन फुटांत गिरणी कशी चालणार, साहेब? कुठे आहे तुमची गिरणी?"

"ओटावाला," मी म्हणालो.

त्याने क्षणभर विचार केला. "मग चार न्या," तो म्हणाला. "लांबचं काम आहे."